भिंतीवरचं धरण

शाळेच्या भिंतीवर धरण काढायची कल्पना देवरामची. पुढे ती कोणी आपली म्हणायला तयार नव्हतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

झालं असं की दिवाळीची सुट्टी संपली आणि तिसरीतली काशी शाळेत येईना. काशी वरच्या पाड्यावरची. पाडा म्हणजे डोंगराच्या अंगाला अकरा घरं, खर्डीच्या बाजूला असलेल्या या गावापासून पाऊण तासाची चाल. पहिले चार दिवस अनंता गुरुजींनी ताप धरला, पुढचे चार दिवस पाहुणे धरले. नवव्या दिवशी काशीचा बाप जीवन बाजाराला खाली आला आणि त्यानं दोन्ही खोडून काढलं.

"ताप नाय न काय नाय, गुरुजी. पोरं चिडवतात म्हणते. काय चिडवतात ते सांगत नाय. चुलीपाशी बसून ऱ्हाते दिवसभर. थोडे दिवस बघतो, नायतर मुरबाडला मामाकडं धाडतो. शेळ्या तरी राखंल."

गुरुजी हबकले. त्याच आठवड्यात वरून पत्र आलं होतं. प्रत्येक प्राथमिक शाळेनं सद्वर्तनाचा एक उपक्रम राबवावा, मुलांमधल्या चिडवाचिडवीला आणि दांडगाईला आळा घालावा, आणि फोटो पाठवावेत. पत्रात फोटोंविषयी सात ओळी होत्या, मुलांविषयी दोन. गुरुजींनी समितीची सभा बोलावली.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष देवराम होता. तो अध्यक्ष कसा झाला ते सांगायला फार वेळ लागत नाही. मार्चमध्ये त्याची बायको सरस्वती गेली. गावानं त्याला सांभाळायचं ठरवलं. कोणी डबा आणून दिला, कोणी गुडघ्याला तेल दिलं आणि पालकसभेनं अध्यक्षपद दिलं. सरस्वती याच शाळेत सतरा वर्षं मुलांची खिचडी शिजवत होती. तिच्या जागी आता दुसरी बाई आली होती. शाळेत जाताना स्वयंपाकाची शेड दिसणार नाही अशी एक वाट देवरामनं शोधून काढली होती. ती थोडी लांबून जायची आणि तिच्यात खाजकुयली होती, पण माणसाला सगळंच मिळत नाही.

सभेला सल्ल्यांची कमतरता नव्हती. पोलीस पाटील विठू हा देवरामचा शेजारी. तो म्हणाला, "चार फटके द्या. आपण खाल्लेच ना?"

"कायद्यानं मारता येत नाही," गुरुजी म्हणाले.

"मग कायद्यालाच लावा शिकवायला."

देवरामच्या पलीकडच्या घरातली गोदूवहिनी सभासद नव्हती, पण सभा तिच्या ओटीवरून ऐकू येत होती. ती तिथूनच म्हणाली, "शाळेवरनं नारळ उतरवा. त्या भिंतीवर पोपट काढल्यापासनं असं हाय."

एकतीस वर्षं देवराम भातसानगरला धरणावर नोकरीला होता. त्याचं काम एकच, पाण्याची पातळी बघायची आणि लिहायची. एरवी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात तासातासाला. त्याला दुसरं काही फारसं येत नव्हतं, पण हे येत होतं. जे रोज मोजलं जातं ते आटोक्यात राहतं, असा त्याचा अनुभव होता. तो पाण्याचा अनुभव होता, पोरांचा नव्हता, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून देणारी घरात आता कोणी नव्हती.

तो म्हणाला, "भिंतीवर मोजपट्टी काढू. शून्य ते शंभर. पोरांनी चांगलं काय केलं तर लेव्हल एकानं वर. वाईट केलं तर एकानं खाली. रोज चार वाजता मी रीडिंग घेईन."

सगळ्यांना हे आवडलं. त्यात कोणाला काही करायचं नव्हतं.

पहिली अडचण भिंतीची आली. समोरच्या भिंतीवर पोपट होता, आणि पोपट माजी सरपंचांनी स्वतः उभं राहून काढून घेतला होता. बाजूच्या भिंतीवर भारताचा नकाशा. मागच्या भिंतीला ओल. मोकळी भिंत एकच उरली, स्वयंपाकाच्या शेडची. देवरामनं दोन दिवस दुसरी भिंत शोधली. शाळेला चारच भिंती होत्या.

शिवाय ही शेड शाळेच्या मालकीची की पंचायतीच्या, हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून परवानगीसाठी देवराम तालुक्याला एका कचेरीत गेला. अर्जाचा विषय त्यानं सरळ लिहिला होता: 'शाळेच्या आवारात धरण करणेबाबत.'

कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "क्षमता किती?"

"शंभर."

"शंभर काय?"

"गुण."

कारकुनानं ते तसंच लिहून घेतलं. "बुडीत क्षेत्र?"

"साहेब, भिंतीवर हाय ते. रंगानं काढायचं."

"ते ठीक आहे. पण विषय धरण आहे. विस्थापित किती होणार, ते लिहून द्यावं लागेल."

देवरामनं कागद घेतला आणि उभ्याउभ्या लिहून दिलं की सदर धरणामुळे कोणीही विस्थापित होणार नाही. खाली सही केली. तीन खेपांनंतर एक शिक्का मिळाला. तो आवक विभागाचा होता, परवानगीचा नव्हता, पण गोल आणि जांभळा होता, आणि गुरुजींना तेवढा पुरला.

शेडसमोर उभं राहून पट्टी रंगवायला देवरामला तीन दिवस लागले. काम एका दिवसाचं होतं. काळे-पांढरे पट्टे, दर दहाला आकडा, अगदी धरणावर असतात तसे. पाणी निळ्या खडूनं भरायचं, उतरलं तर ओल्या फडक्यानं पुसायचं. गुरुजींनी त्यात स्वतःची एक भर घातली. पत्रात 'वक्तशीरपणा' हा शब्द होता, म्हणून जो उशिरा येईल त्याचा एक गुण खाली.

पहिल्याच आठवड्यात पोरं इतकी चांगली वागायला लागली की गावात राहणं कठीण झालं. चौथीतल्या भाविकनं आदेशला ढकललं, लगेच हात देऊन उचललं आणि दोघांनी मिळून एक गुण मागितला. गोदूवहिनी नळावर हंडा भरत होती, तो चार पोरांनी उचलून नेला आणि दुसऱ्याच्याच ओटीवर ठेवून ती गुण मागायला पळाली. वहिनी दुपारपर्यंत हंडा शोधत होती. संध्याकाळी तिनं देवरामला दारात गाठलं.

"भावजी, तुमच्या धरणाला सांगा, माझ्या वाटंला जाऊ नको. आधी ही पोरं नुसती दगड मारायची, तेवढं बरं होतं."

पण चौथ्या दिवशी काशी आली. भिंतीवर धरण झालंय, ही बातमी पाड्यावर पोचली होती. ती बराच वेळ पट्टीसमोर उभी राहिली, मग वर्गात जाऊन बसली. देवरामनं लांबून पाहिलं. हे घरी जाऊन सांगायला हवं असं त्याला वाटलं, आणि दोन पावलं टाकल्यावर घरी कोण आहे ते आठवलं.

पातळी साठच्या पुढे गेली तेव्हा त्याच्या नातीनं, सोनालीनं, रीडिंगच्या वेळी हात वर केला. सोनाली तिसरीतच. तिचे आईबाप सकाळी आटगाव स्टेशन गाठून नोकरीला जायचे ते दिवस मावळता यायचे. दिवसभर ती आजोबांच्या ताब्यात, किंवा आजोबा तिच्या ताब्यात.

"आजोबा, धरण भरलं का काय होतं?"

"दरवाजे उघडतात."

"मग आपलं भरलं का दरवाजे उघडायचे?"

इथं दुसरा कोणीही माणूस 'बघू' म्हणाला असता. पण धरणाच्या बाबतीत खोटं बोलणं देवरामला जमत नव्हतं. तो म्हणाला, "उघडावे लागतात. नायतर भिंतीला धोका."

"म्हणजे काय करायचं?"

"अर्धा तास काय पण करा. कोणी काय बोलणार नाय."

तीस पोरांनी जो ओरडा केला तो स्टेशनवर ऐकू गेला असं लोक म्हणतात. गुरुजींनी देवरामला बाजूला घेतलं. "अध्यक्ष, अर्धा तास काय बोलणार नाही म्हणजे?"

"शंभरला पोचतात कुठं," देवराम म्हणाला. एकतीस वर्षांत त्यानं पाण्याविषयी असा अंदाज कधी केला नव्हता.

गावाला नाद लागला. दुकानावर लोक भावापेक्षा आधी लेव्हल विचारायचे. एका बाईनं मुलाला तापात शाळेत धाडलं, कारण त्याच्याकडून एक गुण यायचा होता. पातळी ऐंशीला पोचली, पंच्याऐंशीला पोचली आणि तिथं अडकली. रोज पाच वर, चार खाली, चार वर, पाच खाली. त्यात एक गुण रोजचा ठरलेला होता. काशी उशिरा यायची. तिची आई सातला मजुरीला जायची, मग धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून काशी निघायची, ती प्रार्थना झाल्यावर पोचायची. गुरुजी नियमाप्रमाणे एक खूण करायचे. चार वाजता देवराम नियमाप्रमाणे फडकं फिरवायचा.

एका सकाळी तो शाळेच्या फाटकापाशी उभा होता. आतून पोरांचा आवाज आला, "गळती आली! गळती आली रे!" देवरामला फार बरं वाटलं. पोरं पातळी बघता बघता गळतीपर्यंत आली होती. त्यानं विठूला मुद्दाम सांगितलं, "अरे, गळती म्हणायला शिकली पोरं. इंजिनिअरला उशिरा कळतो हा शब्द." विठूनं मान हलवली. फाटकातून त्या वेळी काशी आत जात होती, पण दोघांचं लक्ष पाटबंधाऱ्यांकडे होतं.

मग एका सोमवारपासून पातळी अचानक चढायला लागली. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. शहाण्णव. गुरुजींनी वर कळवलं, आणि शुक्रवारी तालुक्याहून एक साहेब उपक्रमाचा व्हिडिओ काढायला आले. पांढरा सदरा, पांढरी पँट. सकाळीच नव्व्याण्णव झाले होते. साहेबांसमोर भाविकनं त्यांची खुर्ची पुसली आणि शंभरावा गुण झाला. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मोबाईल धरला. "अध्यक्ष, रीडिंग घ्या. मोठ्यानं बोला."

देवराम पट्टीपाशी गेला. रीडिंग घेण्याआधी आजूबाजूला एक नजर टाकायची, ही जुनी सवय. शेजारचा हजेरीचा फळा एरवी चारपर्यंत पुसलेला असायचा, आज त्यावर लिहिलं होतं: पट एकतीस, हजर तीस.

"कोण नाय आलं?"

"गळती!" भाविक म्हणाला, आणि सगळी पोरं हसली.

"कोण गळती?"

"काशी! रोज एक गुण जायचा तिच्यामुळं. आमी बंद केली गळती."

"बंद केली म्हणजे काय केलं?"

"तिला सांगितलं, सोमवारपासनं येऊ नको. ती नाय आली म्हणून तर भरलं ना, आजोबा!" हे सगळं तो अभिमानानं सांगत होता. त्याला वाटलं, याचाही गुण मिळेल.

"छान," मोबाईलमागून साहेब म्हणाले. "समस्येचं निराकरण मुलांनी स्वतः केलं, हे जरा परत बोल बाळा."

देवरामनं विचारलं, "हा शब्द कोणी काढला?"

सगळ्यांनी सोनालीकडं बघितलं. सोनालीनं खाली बघितलं नाही. ती सरळ आजोबांकडे बघून म्हणाली, "तुमीच सांगता जेवताना. गळती दिसली का लगेच बुजवायची, नायतर भिंत जाते."

एकतीस वर्षांत देवरामनं कितीतरी रीडिंग लिहिली, त्यात एकही खोटं नव्हतं. त्यानं बादलीतलं फडकं पिळलं आणि शंभरापासून खाली शून्यापर्यंत भिंत पुसून काढली.

"अहो, फोटो व्हायचाय!" साहेब ओरडले.

"रीडिंग चुकलं होतं," देवराम म्हणाला. "शून्य हाय."

मग सहा आठवडे शहाण्यासारखी वागलेली तीस पोरं एकदम सुटली. दरवाजे उघडायला माणूस लागतो, पण भिंतच फुटली तर पाणी कोणाला विचारायला थांबत नाही. आदेशनं घंटा हातात घेतली आणि ती परत द्यायला तो तयार होईना. दोघीजणी बाकावरून बाकावर उड्या मारत चौथीचा वर्ग पार करून गेल्या. कोणी तरी खडूचा निळा चुरा उधळला. साहेब मागे सरकता सरकता ओल्या भिंतीला टेकले, आणि त्यांच्या पांढऱ्या पाठीवर ओला निळा पट्टा उमटला. गुरुजी मधोमध उभे राहून "वक्तशीरपणा!" असं ओरडत होते. का, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. ओटीवरून गोदूवहिनी म्हणाली, "झालं एकदाचं मूळपदावर."

या सगळ्यातून देवराम सोनालीचा हात धरून बाहेर पडला आणि पाड्याच्या वाटेला लागला.

चढ त्याला आता झेपत नव्हता. सोनाली पुढे, रागानं दगडांना लाथा मारत. तो मागे, दर वळणावर थांबत. तो तिला काहीच बोलला नाही. बोलायचं ते आपल्यालाच लागू पडतंय, असं त्याला प्रत्येक वेळी वाटत होतं.

जीवन अंगणात होता. दारात एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. "उद्या सकाळच्या गाडीनं नेतो मुरबाडला," तो म्हणाला. "तुमी कशाला चढून आलात, काका? बसा."

काशी आत चुलीपाशी वाल निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. देवराम दारातच बसला. 

"काशी, चूक माझी हाय," तो म्हणाला. "ती पट्टी मी काढली. मी पुसली. तू शाळेत ये."

काशी वाल निवडत राहिली.

"सोनाली, बोल तिच्याशी."

"मी नाय बोलणार. ती खोटं बोलते."

"काय खोटं बोलते?"

सोनालीचा आवाज फाटला. "ती म्हणते आजी तिची पण होती! दिवाळीच्या आधी खिचडी खाताना रडली, सगळ्यांसमोर. म्हणे आजीची आठवण आली. तिची आजी हाय का ती? माझी हाय. मी नाय रडले, तर ती कशाला रडते?"

"म्हणून चिडवलंस?"

"मग काय करू? घरी तिचं नाव काढलं का तुमी टीव्ही लावता."

जीवननं अंगणातलं लाकूड उगाच उचलून दुसरीकडे ठेवलं.

काशीनं सूप खाली ठेवलं. "होतीच माझी पण," ती म्हणाली. "मला पैला वाढायची."

"पैला मला वाढायची!"

"तुला शेवटाला. खरवड द्यायची तुला, पातेल्याच्या तळाची, कुरकुरीत. म्हणायची, माझ्या सोनूला ठेवा रे. आमाला मागून पण नाय मिळायची."

सोनाली एकदम थांबली. हे तिला माहीत नव्हतं. पण हार मानायची तिची तयारी नव्हती. "तू काय, तुझी नुसती वेणी घालून द्यायची."

"रोज. नि भांडी घासताना गाणं म्हणायची."

"खोटं! माझी आजी कधीच गात नव्हती."

"गायची! तू वर्गात असायचीस. मी ताटं मांडायला थांबायचे. नळ मोठा सोडायची नि गायची, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला म्हणायची, कोणाला सांगू नको गो, लाज वाटते."

"आजोबा," सोनाली वळली, "आजी गायची का?"

देवरामनं अडतीस वर्षं आठवून बघितली. सरस्वती चूल पेटवताना, भात लावताना, त्याच्या डब्याला गाठ मारताना. कुठंच गाणं नव्हतं. ती गेल्यावर तिच्यात नवीन काही उरलं नाही असं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि इथं डोंगरावर एक पोर तिचं काहीतरी सांभाळून बसली होती.

"मला माहीत नाय," तो म्हणाला. मग त्यानं काशीला विचारलं, "काय गायची?"

काशीनं थोडा विचार केला. ओठ हलवून बघितले. "असं नाय येत मला. भांड्यांचा आवाज लागतो. उद्या शाळेत म्हणते, ताटं धुताना."

"मी खालच्या ओढ्यापर्यंत येते तुला घ्यायला," सोनाली म्हणाली. "तुझ्या भावाला दोघी सोडू. पण मला आधी म्हणून दाखवायचं."

"बघू," काशी म्हणाली, आणि परत सूप हातात घेतलं.

जीवननं गाठोड्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि गाठोडं उचलून आत नेलं. देवराम म्हणाला, "मी पण येतो उद्या ऐकायला." एवढं बोलून त्याला उठायचं होतं, पण उठता येईना, म्हणून जीवननं चहा टाकला.